स्की, स्क्रू आणि वसंतातला बर्फ

होस्टेलमध्ये राहिलेल्या प्रत्येकाला किटकॅट फ्यूज माहीत आहे. फर्स्ट इयरला आमच्या विंगमध्ये डिसेंबर-जानेवारीत रोज रात्री फ्यूज उडायचा, कारण उघड होतं. प्रत्येक खोलीत कॉइल, आणि कॉइलवर मॅगी नाहीतर आंघोळीचं पाणी. शेवटी कोणीतरी डोकं लावलं आणि फ्यूजच्या बारीक तारेऐवजी चांगली जाड वायर गुंडाळली. फ्यूज उडायचा थांबला! सगळी विंग खूश. आठ दिवसांनी बोर्ड जळला. त्यानंतर व्हायव्हामध्ये 'फ्यूज हा उडण्यासाठीच असतो' हे वाक्य मी मोठ्या ऐटीत सांगितलं आणि मार्कही मिळवले.

आणि तरीसुद्धा थर्ड इयरच्या मार्च महिन्यात, गुलमर्गच्या उतारावर, मी अगदी हीच चूक केली. फरक एवढाच की या वेळी फ्यूजच्या पलीकडे बोर्ड नव्हता, माझ्या रूम पार्टनरचा गुडघा होता.

हा लेख स्कीइंगबद्दल आहे, स्कीच्या सामानाबद्दल आहे आणि वसंतातल्या बर्फाबद्दल आहे. पण खरं म्हणजे तो त्या चुकीबद्दल आहे. ती नीट समजायची असेल तर आधी थोडं शास्त्र बघावं लागेल. कंटाळा येणार नाही याची काळजी घेतो.

गुलमर्ग, मार्चचा दुसरा पंधरवडा

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून साधारण २६५० मीटर उंचीवर आहे. तिथून गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, दोन टप्प्यांत वर जातो. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला आणि तो कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३०८० मीटरपर्यंत जातो. दुसरा २००५ मध्ये सुरू झाला, तो अफरवटच्या खांद्यावर जवळजवळ ३९५० मीटरपर्यंत पोचवतो. आमच्यासारख्या नवशिक्यांचा वरच्या टप्प्याशी काही संबंध नव्हता. आम्ही खालच्या कुरणातल्या सौम्य उतारावर चौदा दिवस पडत होतो, उठत होतो, परत पडत होतो.

काश्मीरमध्ये थंडीचेसुद्धा हिशेब ठेवलेले असतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलान', मग वीस दिवस 'चिल्लई खुर्द', मग दहा दिवस 'चिल्लई बच्चा'. म्हणजे मार्च उजाडता उजाडता थंडीची तिन्ही पिढ्या संपतात. आम्ही पोचलो तेव्हा श्रीनगरला बदाम फुलले होते, आणि दीड-दोन तासांवरच्या गुलमर्गला अजून कमरेएवढा बर्फ होता. पण तो बर्फ म्हातारा झालेला बर्फ होता. दिवसा छपरांवरून सतत पाणी ठिबकायचं. बर्फाखालून ओढा वाहतोय याचा आवाज यायचा पण ओढा दिसायचा नाही.

गावातली माणसंही ऋतू बदलण्याच्या तयारीत होती. स्लेज ओढणारे आता घोड्यांचे नाल ठोकून घेत होते. आम्हाला शिकवणारे उस्ताद (सगळे त्यांना उस्तादच म्हणत, म्हणून आम्हीही) संध्याकाळी फोनवर भावाशी सफरचंदाच्या बागेतल्या छाटणीबद्दल बोलत असायचे. हिवाळ्यात स्की, उन्हाळ्यात बाग. एकदा मी त्यांना विचारलं, "उस्ताद, दोनों में से असली काम कौन सा है?" ते म्हणाले, "बर्फ पड़े तो दोनों, न पड़े तो कोई नहीं." तेव्हा मला वाटलं ते गंमत करताहेत. मग कळलं की बागेला आणि भाताच्या खाचरांना लागणारं पाणीही याच बर्फातून उतरतं. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फ पुरेसा नाही म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. अशा वर्षांत त्यांच्या घरचा दोन्हीकडचा हिशेब चुकतो.

बर्फ सकाळी एक, दुपारी दुसरा

आपण सह्याद्रीत ट्रेक करणारे लोक. आपल्याला वाटतं बर्फ म्हणजे बर्फ. पण वसंतातला बर्फ एकाच दिवसात तीन वेळा बदलतो.

रात्री आकाश स्वच्छ असेल तर बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता इन्फ्रारेड स्वरूपात आकाशाकडे सोडत राहतो. त्यामुळे हवा शून्याच्या थोडी वर असली तरी पृष्ठभाग गोठू शकतो. सकाळी आठ वाजता उतार फरशीसारखा कडक असतो आणि स्की नुसती खडखडते. पडलात तर कोपर सोलतं.

दहा-साडेदहाला उन्हाने वरचे एक-दोन इंच सैल होतात. रोज वितळून आणि रोज गोठून बर्फाचे कण गोल आणि मोठे झालेले असतात. त्याला कॉर्न स्नो म्हणतात, मक्याच्या दाण्यांसारखा म्हणून. मला विचाराल तर तो नीट भिजलेल्या साबुदाण्यासारखा असतो, दाणा न् दाणा सुटा. खाली कडक थर आणि वर हा सुटा साबुदाणा. नवशिक्यालाही या तासा-दोन तासांत आपण स्कीअर आहोत असं वाटायला लागतं.

बारा-एक वाजल्यानंतर पाणी जास्त होतं आणि साबुदाण्याचा गिचका होतो. स्की रुतते, अचानक अडते, वळत नाही. मोठ्या उतारांवर याच वेळी ओल्या बर्फाचं हिमस्खलन होण्याचा धोका वाढतो, कारण कणांना धरून ठेवणारे बर्फाचे सांधे वितळतात आणि पाणी खालच्या थरापर्यंत झिरपतं. रात्रभर ढग असले तर बर्फ नीट गोठतच नाही, आणि मग सकाळसुद्धा सुरक्षित नसते.

यात अजून एक गंमत आहे. ताजा कोरडा बर्फ सूर्यप्रकाशाचा ८० टक्क्यांहून जास्त भाग परत फेकतो. जुना, ओला, धूळ बसलेला बर्फ बराच कमी फेकतो, म्हणजे जास्त शोषतो, म्हणजे आणखी वितळतो. कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत हा पॉझिटिव्ह फीडबॅक. म्हणून मार्चअखेरीला बर्फ आठवड्याभरात डोळ्यांदेखत बसत जातो. परत फेकलेला प्रकाश खालूनही येतो, त्यामुळे आमच्यातल्या दोघांची हनुवटीची खालची बाजू भाजली. गॉगल न घालणाऱ्यांचे डोळे रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात, त्याला स्नो ब्लाइंडनेस म्हणतात.

उस्तादांचा नियम सरळ होता. साडेनऊला सुरुवात, एक वाजता बंद. आम्ही हा नियम चौदा दिवस पाळला. पंधराव्या दिवशी मोडला.

स्की म्हणजे एक बीम

आता सामानाकडे वळू. लांबून स्की म्हणजे फळी वाटते. जवळून बघितली तर एसओएमचा अख्खा पेपर तिच्यात आहे.

मध्ये लाकडाचा किंवा फोमचा गाभा, त्याच्या वर-खाली फायबरग्लासचे थर, महागड्या स्कीमध्ये ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पत्रे, दोन्ही कडांना स्टीलच्या पट्ट्या आणि तळाला अतिउच्च रेणुभाराचं पॉलिइथिलीन. हे सँडविच बांधकाम. आय-बीममध्ये जसं जास्तीचं मटेरियल न्यूट्रल ॲक्सिसपासून लांब ठेवतात तसंच इथे. ताण घेणारे थर वर आणि खाली, मधला हलका गाभा त्यांना फक्त एकमेकांपासून लांब धरून ठेवतो.

ही कल्पना विमानातून आली. हॉवर्ड हेड हा अमेरिकेतला विमान कंपनीतला इंजिनिअर. त्या काळातल्या जड लाकडी स्की त्याला पटल्या नाहीत. त्याने विमानाच्या धर्तीवर धातूच्या सँडविचची स्की करायला घेतली. सुरुवातीच्या जोड्या मोडल्या, सुधारल्या, परत मोडल्या. १९५० मध्ये प्लायवूडचा गाभा, ॲल्युमिनियमचे थर आणि स्टीलच्या कडा असलेली त्याची स्की बाजारात आली आणि लाकडी स्कीचे दिवस भरले.

स्की वळते कशी? वरून बघितली तर ती कमरेत बारीक असते. स्की कडेवर कलवून तिच्यावर भार दिला की ती वाकते आणि तिची कड बर्फात एक कंस कापते. या कडेची त्रिज्या काढायला दहावीचं गणित पुरतं. बर्फाला टेकणारी लांबी C आणि कमरेतली खोली d असेल तर त्रिज्या साधारण C चा वर्ग भागिले ८d. जुन्या सरळ स्कीसाठी C = १.८ मीटर आणि d = ८ मिलिमीटर धरा, त्रिज्या येते जवळजवळ ५० मीटर. आजच्या स्कीसाठी C = १.४ मीटर, d = १५ मिलिमीटर, त्रिज्या सुमारे १६ मीटर. आणि स्की जितकी जास्त कलवाल तितकं प्रत्यक्ष वळण अजून लहान होतं. ६० अंशांत कलवली तर जवळजवळ निम्मं. अशी खोल कमरेची स्की स्लोव्हेनियातल्या एलान कंपनीने १९९३ मध्ये आणली आणि काही वर्षांतच जगभरच्या स्कीचा आकार बदलला. सात मिलिमीटरचा फरक!

मेणाचं काय?

अकरावीच्या पुस्तकांत कुठेतरी वाचलं होतं की दाबाने बर्फ वितळतो म्हणून स्की घसरते. करून बघू. ६० किलोचा माणूस, म्हणजे सुमारे ६०० न्यूटन. दोन स्कींचं टेकणारं क्षेत्रफळ साधारण ०.२ चौरस मीटर. दाब ३००० पास्कल, म्हणजे ०.०३ बार. बर्फाचा वितळणबिंदू एक अंशाने खाली आणायला सुमारे १३५ बार लागतात. म्हणजे आपल्या वजनाने तो अंशाच्या हजाराव्या भागाएवढाही हलत नाही. त्यामुळे हे कारण बाद. १९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूज यांनी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखला प्रयोग करून दाखवलं की घर्षणाच्या उष्णतेने पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच वंगणाचं काम करतो.

थंडीत हा थर कमी पडतो, वसंतात उलट अडचण. पाणी इतकं असतं की दोन ओल्या काचा चिकटतात तशी स्की बर्फाला चिकटते. म्हणून वसंतात तळाला मऊ, उबदार हवेचं मेण लावतात आणि तळावर जरा ठळक रेघा पाडतात, टायरला खाचा असतात तशा, पाण्याला बाहेर वाट मिळावी म्हणून. कडक थंडीसाठी कडक मेण लागतं, कारण बर्फाचे कण टोकदार असतात आणि मऊ मेणात रुततात. पूर्वी शर्यतींसाठी फ्लोरिनयुक्त मेणं वापरत. ती वर्षानुवर्षं निसर्गात टिकून राहतात, म्हणून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून त्यांच्यावर पूर्ण बंदी घातली.

उस्तादांची वर्कशॉप म्हणजे एक टेबल, दोन वाईस, एक कानस आणि एक जुनी कपड्यांची इस्त्री. इस्त्रीवर मेणाची वडी टेकवायची, थेंब तळावर पाडायचे, इस्त्री फिरवायची, गार झालं की पट्टीने खरवडायचं. "धुआँ निकला तो मोम जल गया," एवढीच त्यांची टेंपरेचर कंट्रोलची व्याख्या. मी वर्कशॉप प्रॅक्टिसमध्ये कानस घेऊन जेवढं शिकलो नव्हतो तेवढं त्या टेबलावर एका संध्याकाळी शिकलो.

बाइंडिंग, म्हणजे पायाचा फ्यूज

आता मुद्द्याचं. बूट आणि स्की यांना जोडतं ते बाइंडिंग. त्याची दोन कामं आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एक, बूट घट्ट धरून ठेवणं. दोन, पाय मोडायची वेळ आली तर बूट सोडून देणं.

स्की म्हणजे पायाला बांधलेला दीड मीटरचा पाना. पाना जितका लांब तितका टॉर्क जास्त, हे आपण सगळे जाणतो. स्कीचं टोक बर्फात अडकलं आणि शरीर पुढे गेलं तर तो सगळा टॉर्क नडगीवर आणि गुडघ्यावर येतो. १९३७ मध्ये हाल्मार व्हाम या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन स्कीपटूचा पाय मोडला, आणि पडल्यावर सुटणाऱ्या बाइंडिंगची कल्पना त्याला हॉस्पिटलच्या खाटेवर सुचली असं सांगतात.

आजच्या बाइंडिंगमध्ये पुढचा भाग पीळ बसला की बाजूला सुटतो आणि टाचेचा भाग माणूस पुढे फेकला गेला की वर सुटतो. दोन्हींत स्प्रिंग असते, स्प्रिंगवर स्क्रू असतो आणि छोट्या खिडकीत आकडा दिसतो. त्या आकड्याला बोलण्यात 'डिन' म्हणतात. हा आकडा मनाने ठरवायचा नसतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीअर नवशिका आहे की तरबेज, या पाच गोष्टींवरून तो तक्त्यात बघायचा. त्यासाठी आयएसओचं ११०८८ नंबरचं स्टँडर्ड आहे. वयाची पन्नाशी ओलांडली की आकडा खाली येतो. बुटाचा तळ लांब असला तरी खाली येतो. साठ-बासष्ट किलोच्या नवशिक्या मुलासाठी तो साडेचार-पाचच्या आसपास असतो. वरच्या आकड्यांत मर्दुमकी नाही. आकडा म्हणजे फ्यूजचं रेटिंग आहे.

पंधरावा दिवस

कोर्स संपला. परतीच्या बसला एक दिवस होता. मी आणि माझ्या रूम पार्टनरने एका दुकानातून दिवसभरासाठी स्की भाड्याने घेतल्या. दुकानदाराने काम चोख केलं हे मुद्दाम सांगतो. त्याने वजन, उंची, वय विचारलं, बूट उलटा करून तळाची लांबी वाचली, तक्ता बघितला आणि आकडा साडेचारवर लावला.

सकाळ झकास गेली. एक वाजला तरी आम्ही थांबलो नाही. पैसे दिवसभराचे भरले होते ना! दीडच्या सुमाराला पार्टनरची उजवी स्की सुटायला लागली. पडला म्हणून नाही, नुसतं वळताना. एकदा सुटली, दोनदा सुटली, तिसऱ्यांदा तो वैतागला. "अरे, तुझ्याकडे स्क्रूड्रायव्हर आहे ना? टाइट कर ना यार."

माझ्याकडे होता. मेकॅनिकलचा मुलगा, खिशात कायम स्क्रूड्रायव्हर. मी वाकलो आणि पुढचा स्क्रू फिरवला, टाचेचा फिरवला. खिडकीतला आकडा बघितला नाही. हाताला घट्ट लागेपर्यंत फिरवला आणि वर म्हणालो, "आता काय सुटत नाय."

खरंच सुटली नाही. वीस मिनिटांनी, अगदी सपाट म्हणावं अशा उतारावर, चालण्याच्या वेगात, त्याची उजवी स्की गिचक्यात अडकली. शरीर डावीकडे गेलं. स्की तिथेच राहिली. तो हळूच, बसल्यासारखा पडला. मी हसलो होतो. मग त्याचा चेहरा दिसला.

स्की पेट्रोलच्या लोकांनी त्याला स्लेजवर बांधून खाली आणलं. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा लिगामेंट अर्धवट फाटला होता. सहा आठवडे ब्रेस, मग व्यायाम.

संध्याकाळी उस्ताद भेटायला आले. त्यांनी स्की उचलली, खिडकीत बघितलं. पुढे आठ, मागे साडेआठ.

"यह किसने किया?"

"मैंने."

ते ओरडले नाहीत. त्यांनी पार्टनरचा उजवा बूट उलटा केला. तळाच्या खाचांत बर्फ दाबून बसला होता, पार दगडासारखा. त्यांनी नखाने खरवडून दाखवला. दुपारचा ओला बर्फ बुटाखाली चिकटला, बाइंडिंगच्या गार धातूवर दाबला गेला आणि घट्ट झाला. बूट नीट बसलाच नव्हता, अर्ध्या कड्यात अडकला होता, म्हणून सुटत होता.

"पेच ढीला नहीं था बेटा. जूता गंदा था."

एवढंच बोलले आणि चहा मागवला.

या वाक्याने मला कोणत्याही लेक्चरपेक्षा जास्त शिकवलं आहे. फ्यूज उडतो म्हणजे लाइनवर लोड जास्त आहे. बाइंडिंग सुटतं म्हणजे कुठेतरी काहीतरी बसत नाहीये. दोन्ही वेळा आम्ही सांगणाऱ्याचंच तोंड बंद केलं. लक्षणाला कारण समजलो. उपाय काय होता? बूट स्कीपोलच्या टोकाने खरवडायचा, बाइंडिंगवर घासायचा, मग आत घालायचा. दहा सेकंद. किंवा एक वाजता घरी जायचं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. मी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना सरळ विचारलं, आकडा साडेचारच असता तर गुडघा वाचला असता का? ते म्हणाले, खात्री कोणीच देणार नाही. ही बाइंडिंग्ज मुळात नडगीचं हाड वाचवण्यासाठी आखली गेली. गुडघ्याचे लिगामेंट ती प्रत्येक वेळी वाचवू शकत नाहीत, आणि हळू वेगातल्या पिळात तर गुडघा आधी जातो असंही होतं. पण वाचण्याची जी काही शक्यता होती ती मी स्क्रूड्रायव्हरने कमी केली, एवढं मात्र नक्की.

मग क्वालिटी म्हणजे काय?

आम्हाला क्वालिटी कंट्रोलमध्ये जोसेफ जुरान यांची व्याख्या आहे. क्वालिटी म्हणजे वापरासाठीची योग्यता. दोन मार्कांचा प्रश्न, पाठ करून लिहितो. गुलमर्गला ती डोळ्यांनी दिसली.

आमच्या बॅचमध्ये एकजण नवी कोरी, महागडी, शर्यतीसाठी असते तशी ताठ स्की घेऊन आला होता. ती वाकवायला जेवढा वेग आणि जोर लागतो तो त्याच्याकडे नव्हता, त्यामुळे ती वळतच नव्हती. चौथ्या दिवशी त्याने भाड्याची मऊ, घासलेली स्की घेतली आणि त्याच दुपारी वळायला लागला. दुसऱ्याने आरामासाठी बूट एक साइझ मोठा घेतला आणि आत दोन मोजे घातले. पाय आत हलायला लागला, घोटे सोलले आणि रक्त दाबलं जाऊन बोटं गारठली. स्कीबूट पायाच्या सेंटिमीटरमधल्या मापाने घ्यायचा असतो आणि मोजा एकच, पातळ. शिवाय बूट प्लॅस्टिकचा असतो आणि प्लॅस्टिक उबेला मऊ पडतं. सकाळी ताठ वाटलेला बूट वसंतातल्या दुपारी सैल वाटतो. बकल एक खाच आवळावं लागतं.

म्हणजे क्वालिटी ही वस्तूत एकटी नसतेच. ती वस्तू, माणूस, बर्फ आणि घड्याळ यांच्या जुळण्यात असते. साडेचारचं बाइंडिंग हे चांगल्या क्वालिटीचं बाइंडिंग होतं. त्याच बाइंडिंगचं मी दोन फेऱ्यांत भंगार केलं, आणि दिसायला त्यात काहीच बदललं नव्हतं.

कोणी जाणार असेल तर

१. बाइंडिंगचा आकडा तक्त्यावरून लावून घ्या. स्वतःचं वजन आणि 'मी नवशिका आहे' हे दोन्ही खरं सांगा. इथे खोटं बोललं तर आपलंच हाड मध्ये असतं.

२. बूट घालण्याआधी प्रत्येक वेळी तळ खरवडा. वसंतात तर दर वेळी.

३. स्की विनाकारण सुटली तर क्रमाने बघा. बुटाखाली बर्फ आहे का, बूट आणि बाइंडिंगची लांबी जुळते का, टाचेचा दाब दाखवणारी खूण जागेवर आहे का. स्क्रू सगळ्यात शेवटी, आणि तोही दुकानातल्या माणसाने फिरवायचा.

४. रात्री ढग होते का ते सकाळी विचारा. बर्फ गोठला नसेल तर मोठ्या उतारापासून लांब राहा. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच अफरवटच्या बाजूला हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, आणि ते काही आमच्यासारखे नवशिके नव्हते. पेट्रोलने बंद केलेल्या भागात पाऊल टाकू नका.

५. गॉगल, सनस्क्रीन (हनुवटीखालीसुद्धा) आणि पाणी.

६. एक वाजता थांबा. पैसे दिवसभराचे भरले असले तरी.

शेवटचं

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. एप्रिलभर मी मेसमधून दोन डबे वर आणले. पार्टनर आता व्यवस्थित चालतो, जिना चढतो, सकाळी ग्राउंडला हळू पळतोसुद्धा. कॉलेजच्या कबड्डी टीममध्ये मात्र तो यंदा नव्हता. पुढच्या वर्षीचं बघू, असं म्हणतो.

या लेखाचा कच्चा मसुदा मी त्याला आधी वाचायला दिला. त्याने दोन ठिकाणी माझं शुद्धलेखन सुधारलं (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्याचं जिल्हा परिषदेच्या शाळेतलं, त्यामुळे हे खातं त्याच्याकडे) आणि म्हणाला, "टाइट कर असं मीच म्हणालो होतो, ते नीट लिही."

लिहिलं. पण स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात होता, आणि आपण सगळे पुढे आयुष्यभर तेच काम करणार आहोत. कोणीतरी घाईत येऊन सांगणार, जरा टाइट करून द्या. त्या वेळी आधी बूट उलटा करून बघायचा, एवढंच मला या पानावरून सांगायचं आहे.

आणि हो, विंगमधला फ्यूज परवा पुन्हा उडाला. कोणीही जाड वायर शोधू नये. कॉइल बंद करावी.